दंतकथा आणि दमछाक

इसवी सन १९५४ च्या जानेवारीत मकाव येथे दोन गुरूंची एक जाहीर लढत झाली. एका बाजूस ताई-ची ह्या विद्येतील वू घराण्याचे प्रमुख वू कुंग-यी, वय पन्नाशीच्या पुढचे. दुसऱ्या बाजूस श्वेतक्रौंच पंथाचे तरुण आचार्य चान हाक-फू. हाँगकाँगमधील आगीत बेघर झालेल्यांसाठी निधी जमवायचा होता, आणि कोणाची विद्या श्रेष्ठ हा वादही एकदाचा मिटवायचा होता. लढतीचे चित्रण आजही पाहावयास मिळते. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. अपेक्षाभंगाचे इतके निखळ नमुने फार थोडे. दोन वजनदार नावे, मागे घराण्यांची पुण्याई, आणि समोर दिसते काय, तर शाळेच्या मधल्या सुटीत दोन मुले एकमेकांच्या अंगावर धावून जातात तशी झटापट. बरेचसे ठोसे हवेत जातात, लाथा अर्ध्या वाटेत राहतात, एकाच्या नाकातून रक्त येते. दुसऱ्या फेरीतच पंचांनी लढत थांबवली आणि कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही, असा निर्णय दिला.

साहित्याच्या अभ्यासकांस रस वाटावा अशी गोष्ट त्यानंतर घडली. तीनच दिवसांनी हाँगकाँगच्या 'न्यू ईव्हनिंग पोस्ट' ह्या दैनिकाने, लढतीने निर्माण झालेल्या कुतूहलाचा लाभ घेत, एक कादंबरी क्रमशः छापावयास घेतली. लेखक ल्यांग यूशंग. पुढच्याच वर्षी त्याच पत्रात जिन योंग लिहू लागले, आणि चिनी भाषेतील आधुनिक 'वूशिया' कादंबरीचे युग सुरू झाले. म्हणजे एका रटाळ झटापटीच्या पोटी छपरांवरून उडणाऱ्या, बोटाच्या स्पर्शाने शत्रूला खिळवून टाकणाऱ्या वीरांचे एक अख्खे वाङ्मय जन्मास आले. पुढे चित्रपटांनी ते जगभर नेले. आज आपल्या मनात 'मार्शल आर्ट' म्हणून जे चित्र उमटते ते त्या कादंबऱ्यांच्या वंशातले आहे. त्या चित्रफितीच्या वंशातले नाही.

आम्हांस दंतकथेचा राग नाही. दंतकथेवर पोट भरणाऱ्यांनी तो धरूही नये. परंतु जेव्हा एखादी विद्यार्थिनी येऊन विचारते, की स्वतःच्या रक्षणासाठी मी काय शिकू, कराटे की क्राव्ह मगा, तेव्हा तिला दंतकथेतले उत्तर देणे हा गुन्हा आहे असे आमचे मत आहे. हा प्रश्न काल्पनिक नाही. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर महाविद्यालयांतून मुलींसाठी आत्मरक्षणाची एकदिवसीय शिबिरे घेण्याची रीत पडून गेली आहे. त्यांचे प्रास्ताविक बहुधा आमच्यासारख्या भाषेच्या प्राध्यापकांकडेच येते, कारण व्यासपीठावरून बोलावयाचे असते. प्रास्ताविकात झाशीची राणी असते, जिजाऊ असतात, 'अबला नव्हे सबला' असते. मग गणवेशातले प्रशिक्षक येतात, एका मुलीला पुढे बोलावतात, तिच्या हाताने स्वतःचे मनगट सोडवून घेतात, कौलाच्या पातळ फरश्या फोडतात, टाळ्या होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. सायंकाळी मुली घरी जाताना तीन तासांपूर्वी नव्हती अशी एकच गोष्ट बरोबर नेतात: आपल्याला आता काही तरी येते हा समज. काही न येणाऱ्यापेक्षा हा समज असणारा अधिक धोक्यात असतो, आणि ह्या धोक्यावर आमच्या प्रास्ताविकाची सही असते. म्हणून, अधिकार नसताना, ह्या विषयावर लिहावेसे वाटले.

कोणती विद्या निवडावी ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते १८८२ सालीच मिळालेले आहे. त्या वर्षी तोक्योतील एका बौद्ध मंदिरात कानो जिगोरो ह्या एकवीस वर्षांच्या पदवीधराने आपली शाळा काढली. तीच पुढे कोदोकान म्हणून प्रसिद्ध झाली. कानो स्वतः अंगाने किरकोळ. जुन्या जुजुत्सूच्या दोन परंपरा तो शिकला होता, आणि त्या परंपरांत घातक डावांचा भरणा होता: डोळ्यांवर, गळ्यावर, मर्मस्थानांवर आघात, बोटे मोडणे, मनगटे पिरगाळणे. कानोने काय केले, तर मोकळ्या सरावातून हे घातक डाव काढून टाकले. ते ठरावीक संवादासारखे, दोघांनी मिळून करावयाच्या 'काता'त तेवढे राहिले. उरलेले डाव, म्हणजे फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे, कोपराचा सांधा उलटा ताणणे, हे मात्र 'रांदोरी'त आले. रांदोरी म्हणजे समोरचा मनापासून विरोध करीत असताना करावयाचा सराव.

वरवर पाहता कानोने विद्या सौम्य केली. वस्तुतः तिला दात आणले. ज्याचे डोळे फोडण्याचा सराव करावयाचा तो सहाध्यायी उद्या पुन्हा सरावाला यावयाचा असतो. म्हणून असे डाव नेहमी हवेत, थांबून, अदबीने करावे लागतात. वीस वर्षे केले तरी ते हवेतच राहतात. उलट, ज्या डावाने समोरचा मरत नाही तो पूर्ण ताकदीने, पूर्ण विरोधाविरुद्ध, रोज वीस वेळा करता येतो, वीसपैकी अठरा वेळा फसतो, आणि उरलेल्या दोन वेळांतून शरीराला काही तरी कळते. घातक डाव शिकवणाऱ्या शाळा मवाळ माणसे तयार करतात आणि मवाळ डाव शिकवणाऱ्या शाळा लढाऊ माणसे तयार करतात, हा विरोधाभास कानोला उमगला होता.

अध्यापकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. काता म्हणजे गाइडातले उत्तर. रांदोरी म्हणजे अपठित उतारा. मुखोद्गत रसग्रहण सुरेख उतरवणारा विद्यार्थी अनोळखी कवितेपुढे कसा थिजतो हे आपण दर वर्षी पाहतो. त्याला काही येत नव्हते असे नाही. त्याने जे पाठ केले होते ते कोणी विचारले नाही, इतकेच. रस्त्यावरचा हल्ला सगळाच्या सगळा अपठित असतो.

(कानोची विद्या आपल्याकडे फार लवकर आली होती, हे जाता जाता सांगावयास हवे. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये कोदोकानचे ताकागाकी शिंझो ह्यांना शांतिनिकेतनात बोलावले, आणि मुलांबरोबर मुलींनीही जुदो शिकावे असा आग्रह धरला. ताकागाकी तेथे सुमारे दोन वर्षे राहिले. शांतिनिकेतनावर आपण पुष्कळ लिहितो. हा भाग का कोण जाणे, सुटतो.)

तेव्हा आमची कसोटी एवढीच, की त्या वर्गात समोरचा माणूस खरोखर विरोध करतो का? ह्या कसोटीला उतरणाऱ्या विद्या ओळखणे अवघड नाही. मुष्टियुद्ध, जुदो, थाई बॉक्सिंग, ब्राझिलियन जुजुत्सू. आणि कुस्ती. हा शेवटचा शब्द उच्चारताना सुशिक्षित मराठी माणूस थोडा अडखळतो. साता समुद्रापलीकडच्या विद्येसाठी दरमहा काही हजार मोजणाऱ्यास गल्लीच्या टोकाची तालीम दिसत नाही. ताई-चीच्या गुरूंची जी दमछाक मकावमध्ये झाली ती तालमीतल्या सोळा वर्षांच्या पोराची होणार नाही, कारण त्याला रोज सकाळी कोणी ना कोणी त्याच्या इच्छेविरुद्ध ओढते, रेटते, मातीत दाबते. एकेरी पट काढताना समोरचा 'थांबा, आता तुम्ही माझा पाय धरा' असे म्हणत नाही. कुस्तीत ठोसा नाही, हे खरे उणे आहे. परंतु धक्का बसल्यावर पायांवर उभे राहणे, पकडीतून सुटणे, दम पुरवणे आणि मुख्य म्हणजे कोणाचे तरी अंग आपल्या अंगावर आल्यावर न घाबरणे, ह्या चार गोष्टी कुस्तीइतक्या स्वस्तात कोणी शिकवीत नाही. मुलींना तालमीचे दार पुष्कळ ठिकाणी बंदच असते. सांगलीत २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. दार किलकिले झाले आहे, इतके म्हणता येईल.

ब्राझिलियन जुजुत्सूचा उगमही कानोच्याच आखाड्यात आहे. कोदोकानचा माएदा मित्सुयो १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि ग्रेसी कुटुंबातल्या मुलाला त्याने विद्या दिली. त्याच कुटुंबातला रॉयस ग्रेसी १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील डेन्व्हर येथे एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून गेला. स्पर्धा 'पंथ विरुद्ध पंथ' अशीच जाहीर झाली होती आणि तो तेथल्या धिप्पाडांपुढे सडपातळ दिसत होता. मकावचा वाद चाळीस वर्षांनी डेन्व्हरला निकालात निघाला असे म्हणावयास हरकत नाही. पण तेथेही जपून. त्या पिंजऱ्यात जमीन मऊ होती, समोर एकच माणूस होता, त्याच्या खिशात चाकू नव्हता आणि कोपऱ्यावर त्याचे तीन मित्र उभे नव्हते. फुटपाथवर जमिनीला खिळून लढणे ही निराळीच बाब आहे.

जे ह्या कसोटीला उतरत नाहीत त्यांविषयी थोडक्यात. ऐकिदो सुंदर आहे. त्याचे सौंदर्य समोरच्याच्या सहकार्यावर उभे आहे, आणि हल्लेखोर सहकार्य करीत नाही. कराटेचे शाळेगणिक बदलते: काही ठिकाणी अंगाला लागेपर्यंत लढवतात, काही ठिकाणी पट्ट्यांचे रंग बदलण्यापलीकडे काही घडत नाही, फलक दोन्हीकडे एकच. आपले मर्दानी खेळ, दांडपट्टा, फरी-गदगा हा आमच्या मते जपण्याजोगा वारसा आहे, पण तो आत्मरक्षणाच्या नावाखाली मुलींपुढे ठेवणे ही त्या वारशाची आणि त्या मुलींची दोघांचीही फसवणूक. लोकलच्या डब्यात पट्टा फिरवता येत नाही.

क्राव्ह मगाचे थोडे निराळे आहे, कारण ज्याने ती घडवली त्याने किंमत मोजली होती. इमी लिख्टेनफेल्ड हा ब्रातिस्लाव्हातील मुष्टियोद्धा आणि मल्ल. १९३० च्या दशकात ज्यूंच्या वस्तीवर चालून येणाऱ्या टोळ्यांशी त्याची गाठ पडली, आणि आखाड्यातले नियम रस्त्यावर कोणी पाळत नाही हे त्याला तेथे कळले. त्या अनुभवातून, पुढे इस्रायली सैन्यात, ही पद्धत उभी राहिली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: इमी आधी मल्ल होता. वर्षानुवर्षांची लढत अंगात मुरलेली असताना त्याने वरून नियम काढून टाकले. आपल्याकडच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते खालचे सारे वगळून वरचे तेवढे देतात. रबरी सुरी घेऊन जोडीदार हळूच हात पुढे करतो, तो हात पकडून सुरी हिसकावली जाते, छायाचित्र निघते. खरी सुरी एकदा येऊन थांबत नाही. ती शिवणयंत्राच्या सुईसारखी येते. तिच्यापुढे पळणे हाच डाव आहे, आणि पळण्याचा सराव घेणारी कार्यशाळा आम्ही अद्याप पाहिली नाही.

कल्पितातल्या विद्यांचा मोह फार जुना. लंडनमध्ये बार्टन-राइट नावाच्या गृहस्थाने १८९९ च्या सुमारास जुजुत्सू, मुष्टियुद्ध, फ्रेंच लाथाळी आणि काठी ह्यांची मोट बांधून 'बार्टित्सू' काढले. १९०२ पर्यंत त्याचा क्लब बंदही पडला. १९०३ मध्ये कॉनन डॉइलला कड्यावरून कोसळलेल्या शेरलॉक होम्सला जिवंत करावयाचे होते, तेव्हा त्याने 'बारित्सू' ह्या, एक अक्षर चुकलेल्या, विद्येचा आधार घेतला. कथेत ती विद्या अमर झाली. बार्टन-राइट १९५१ मध्ये दारिद्र्यात वारला. मकावचीच गोष्ट, फक्त उलट्या क्रमाने.

आतापर्यंत आम्ही हल्लेखोर रस्त्यावरचा आहे असे धरून चाललो. शिबिरांचेही तेच गृहीतक असते: अंधार, गल्ली, मागून आलेला अनोळखी हात. हीसुद्धा एक कादंबरीच आहे, आणि ती फरश्या फोडण्यापेक्षा अधिक हानी करते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल सांगतात, की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत शंभरांतल्या नव्वदांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात: शेजारी, नातलग, मित्र, मालक. ह्या माणसाला पहिल्या क्षणी ठोसा मारावयाचा नसतो. त्याच्याशी बोलावयाचे असते, आणि पहिली लढाई तेथे हरली जाते. काकांना 'हात काढा' असे म्हणावे की नाही, मार्गदर्शकांच्या खोलीत दार उघडे ठेवा असे म्हटले तर त्यांना काय वाटेल, मित्राची गाडी येथेच थांबव म्हटले तर तमाशा होईल का, ह्या विचारांत मिनिटे जातात. मुलीला बळ कमी पडते म्हणावे, तर ते वापरण्याची परवानगीच तिने स्वतःला दिलेली नसते.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटते त्यांनी २०२३ आठवावे. ऑलिंपिक आणि जागतिक पदके मिळवलेल्या स्त्री मल्ल दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या होत्या. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. त्यांनी ते नाकारले. २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोपनिश्चिती केली. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचा मुद्दा त्याहून लहान. देशातील ज्या स्त्रियांना पकडीतून सुटण्याची विद्या सर्वांत उत्तम येते त्यांनाही दाद मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, कारण जो हात निवड-यादीवर सही करतो तो धोबीपछाडीने उलथत नाही.

मग हे शिकवता येते का? येते. ह्याविषयी एक भक्कम अभ्यास आहे. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून निम्म्यांना प्रत्येकी तीन तासांची चार सत्रे दिली, उरलेल्यांना माहितीपत्रके. पुढच्या वर्षभरात माहितीपत्रकवाल्या गटात बलात्काराचे प्रमाण ९.८ टक्के, सत्रे केलेल्या गटात ५.२ टक्के. सत्रांत मारण्याचे धडे होते, पण तेवढेच नव्हते. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर कसा ओळखावा, ओळखल्यावर 'असे कसे बोलावे' हा मनातला अडसर कसा दूर करावा, मोठ्याने आणि स्पष्टपणे नकार कसा द्यावा, स्वतःला काय हवे आहे हे आधी स्वतःशी कसे ठरवावे, ह्यांवर बराच वेळ होता. बारा तास. आपल्या एका शिबिरापेक्षा जास्त, एका सत्रातल्या 'कम्युनिकेशन स्किल्स'च्या तासिकांपेक्षा कमी. (आणि ह्याचा अर्थ, जिने प्रतिकार केला नाही तिचा दोष, असा काढणारे महाभाग निघतातच. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराची; ह्याबद्दल आमच्या मनात तसूभरही संदिग्धता नाही.)

येथे भाषेच्या अध्यापकाचा संबंध प्रास्ताविकापुरता राहत नाही. आम्ही मुलींना विनंतिपत्र शिकवतो, आभारप्रदर्शन शिकवतो, 'कृपया' कोठे घालावे हे शिकवतो. नकाराचे पत्र अभ्यासक्रमात नाही. मराठीत वडीलधाऱ्या पुरुषाला, 'अहो' न सोडता, सर्वांदेखत नाही म्हणण्याची वाक्ये किती मुलींना तोंडपाठ आहेत? 'मला हे चालणार नाही, तुम्ही मागे व्हा' हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यांदा हसू येते, आवाज चिरकतो, वाक्याच्या शेवटी 'प्लीज' आपोआप चिकटते. ह्याचीही रांदोरी लागते: समोर कोणी तरी 'अगं, गैरसमज होतोय तुझा' असे लाघवीपणाने म्हणत असताना तेच वाक्य पुन्हा, तसेच, म्हणणे.

कायद्याचेही दोन शब्द, कारण प्रशिक्षक ते सहसा सांगत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खाजगी बचावाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये आहे; जुन्या दंडसंहितेतली ९६ ते १०६ कलमे जवळजवळ तशीच तेथे आली आहेत. बलात्काराच्या किंवा जीव घेण्याच्या हल्ल्याविरुद्ध हा अधिकार हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. मात्र कोणत्याही हल्ल्यात बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, आणि धोका टळल्यावर एकही फटका नाही. माणूस पळू लागल्यावर त्याला मागून मारलेली लाथ बचाव ठरत नाही. धरून ठेवणाऱ्या विद्यांकडे, म्हणजे कुस्ती, जुदो, जुजुत्सूकडे आमचा कल आहे त्याचे हेही एक कारण: त्यांत कमी-अधिक करता येते. अर्थात सिमेंटवर केलेली जुदोची फेक कमी-अधिक होत नाही, हे जुदो शिकणाऱ्यानेही विसरू नये.

तेव्हा विचारणाऱ्या विद्यार्थिनीला आम्ही आता नाव सांगत नाही. घराजवळचे, आठवड्यातून तीनदा जाता येईल असे दोन-तीन वर्ग शोध, असे सांगतो. वर्षभर जाता येणारे साधे बॉक्सिंग हे दोनदा जाऊन सोडलेल्या जुजुत्सूपेक्षा बरे. फी भरण्याआधी एक तास कोपऱ्यात बसून पाहा. तासाच्या शेवटी कोणाला धाप लागली आहे का, कोणी पडले का, ज्येष्ठ विद्यार्थ्याचा डाव कधी फसतो का? गुरुजी स्वतः कोणाशी लढतात का, की नेहमी दाखवूनच देतात? तुझ्याहून जड माणसाबरोबर तुला सराव करू देतील का, आणि 'थांबा' म्हटल्यावर तो माणूस त्याच क्षणी थांबतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचार. प्रशिक्षकाला तुझे 'थांबा' ऐकू येत नसेल, तर चप्पल घालून बाहेर ये. मग तेथे भिंतीवर कोणाचेही चित्र असो.